टॉल्मनच्या खोक्यातली पाई

३१ ऑक्टोबर १९९४, सोमवार

टॉल्मनचं दुकान आज कायमचं बंद झालं. दाराच्या काचेला आतून एक कागद चिकटवला आहे. चार ओळी, आणि त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका. कागद आतून असल्यामुळे पेन काढून त्या दुरुस्तही करता आल्या नाहीत. पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. ज्या दुकानाने चाळीस वर्षं या गावाला खाऊ घातलं, त्याला जाताना चार ओळी नीट लिहिता येऊ नयेत?

आईने तिथे गल्ल्यावर एकवीस वर्षं काढली. आई मार्चमध्ये गेली. आता तिचं दुकानही गेलं.

आज हॅलोविन. मुखवटे घालून पोरं दारावर येत होती आणि बाबा त्यांना मूठमूठ चॉकलेटं देत होते. एका भुताला मी सांगितलं की टॉल्मन बंद झालं. ते म्हणालं, "मग?"

३ नोव्हेंबर, गुरुवार

व्हर्ना आत्याचा फोन आला. दर वर्षी याच आठवड्यात ती सगळ्यांना फोन करून थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला कुणी काय आणायचं ते वाटून देते. टर्की तिची, सारण तिचं, पाई तीन प्रकारच्या आणि तिन्ही तिच्या. उरलेलं बाकीच्यांना.

"लायल, तू आणि मर्ल, दोघं बापलेक यंदा बर्फ आणा. आणि कागदी रुमाल."

आमच्या भागात बर्फ कुणाला सांगतात ते मला माहीत आहे. घटस्फोट झालेल्या भावाला, नाहीतर दारू पिणाऱ्या मामाला. ज्याच्या हातचं कुणाला खायचं नसतं त्याला बर्फ सांगतात.

"आणि पाई?" मी विचारलं.

"कसली पाई?"

"आईची. ती टॉल्मनमधून आणायची ती."

"अरे राजा, टॉल्मन बंद झालं ना. त्यातल्या त्यात तेवढं एक बरं झालं बघ. देव तुझ्या आईला शांती देवो, पण थँक्सगिव्हिंगला दुकानातली पाई म्हणजे लग्नाला घरातल्या सपाता घालून जाण्यासारखं."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "मी आणीन पाई. घरी करीन. टॉल्मनसारखीच."

आत्या इतकी हसली की मागून तिच्या नवऱ्याने, ओटिस काकांनी, काय झालं म्हणून विचारलं. "अहो, हा दुकानासारखी पाई घरी करणार म्हणतोय! जग घरच्यासारखी दुकानात शोधतंय, आणि आमचं हे!"

मी फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. मग पुन्हा उचलून कानाला लावला, बिघडला तर नाही ना ते पाहायला. चालू होता.

आई दर वर्षी तो पांढरा खोका मांडीवर घेऊन गाडीत बसायची. आत शिरलं की आत्या न चुकता म्हणायची, "नोरीन, तुझा खोका तिकडे ठेव हं, वॉशिंग मशीनवर." टेबलावर नाही, फडताळावर नाही, जिथे मळके कपडे ठेवतात तिथे. आई हसून ठेवायची. एकवीस वर्षं! परत येताना खोका रिकामा असायचा. टॉल्मनची पाई आकाराने लहान असणार. आत्याची मात्र इतकी उरायची की ती सगळ्यांना चांदीच्या कागदात बांधून द्यायची. गेल्या वर्षी तर आमचा खोकाही परत आला नाही. आई म्हणाली, राहिला असेल तिथेच.

५ नोव्हेंबर, शनिवार

तळघरात आईच्या कपाटामागे टॉल्मनचे नऊ खोके सापडले. घडी केलेले, कोरे, सुतळीने बांधलेले. आईला काही टाकवत नसे. शेजारी आटवलेल्या दुधाचे अकरा डबे. घरात कुणी ते दूध पीत नाही. चक्रीवादळाच्या भीतीने ठेवले असावेत.

खोक्याच्या बाजूला पाईतले सगळे घटक छापलेले आहेत. कायद्याने जे जास्त ते आधी लिहावं लागतं. म्हणजे लेबल ही एक प्रकारची कृतीच आहे, फक्त ती नीट वाचणारा माणूस हवा. मी शाळा अकरावीत सोडली, पण चौथीत असताना जिल्ह्याच्या शुद्धलेखन स्पर्धेत पहिला आलो होतो. वाचायचं कसं ते मला कळतं. सगळे घटक या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले.

६ नोव्हेंबर, रविवार

पहिली पाई. पारी आखडली, भोपळ्याला मधोमध भेग गेली, आणि डावीकडची मागची कड जळाली. आमचा ओव्हन आजीच्या वेळचा, म्हणजे बाबांच्या आईचा. त्या कोपऱ्यात तो जास्त तापतो, हे मला माहीत नव्हतं. कारण या घरात मी कधी काही भाजलंच नाही.

आठवलं की टॉल्मनच्या पाईचीही एक कड दर वर्षी जरा काळपट असायची. एवढं मोठं दुकान, पण ओव्हन त्यांचेही असलेच.

८ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना भोपळ्याचे दोन डबे आणायला सांगितलं. त्यांनी मसाला आणि साखर आधीच घातलेले आणले. डबा तोच, चित्र तेच, "भोपळा" तेवढं मोठ्या अक्षरात आणि बाकीचं मुंगीच्या अक्षरात. आमच्या गावाच्या चारही बाजूंना डब्यात जाणारा भोपळा पिकतो. निदान इथल्या माणसाला तरी फसवू नये.

"भोपळा तो भोपळा," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही वाचलं का नाही?"

"तुझी आई वाचायची," ते म्हणाले आणि गॅरेजमध्ये गेले.

आईला भोपळ्याचे डबे कशाला वाचावे लागायचे? विचारायचं राहून गेलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

चौथी पाई. जमली!

लेबलाप्रमाणे सगळं, त्याच क्रमाने. मक्याचा पाक, दुधाची भुकटी, कॉर्नफ्लॉवर. ओव्हनमध्ये घड्याळ लावून पंचावन्न मिनिटं, आणि पस्तिसाव्या मिनिटाला थाळी फिरवली, म्हणून कड कुठेच जळली नाही. पृष्ठभाग काचेसारखा. एकही भेग नाही. पत्र्याच्या पातळ थाळीसकट टॉल्मनच्या खोक्यात ठेवली आणि झाकण दोनदा उघडून पाहिलं. तीच! हुबेहूब!

बाबांना बोलावलं. त्यांनी एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. चावण्यासारखं त्यात काही नसतं.

"अगदी टॉल्मनची," ते म्हणाले.

"खरंच?"

"डोळे मिटून सांगेन. शंभर टक्के टॉल्मनची." आणि बशी पुढे सारली.

"मग खात का नाही?"

"टॉल्मनची आहे म्हणूनच."

मी खाऊन पाहिली. गोड होती. गोड, आणि बाकी काहीच नाही. ओल्या साबणासारखी जिभेवरून सरकली.

"ही ती नाहीये," मी म्हणालो.

"नाही."

"मग टॉल्मनची कशी?"

बाबांनी टोपी डोक्यावर चढवली. "अंगणातली पानं गोळा करायचीत," म्हणाले आणि बाहेर गेले. पानं मी सकाळीच गोळा केली होती. खिडकीतून पाहिलं तर ते पानं ओढायचं दंताळं हातात घेऊन रिकाम्या गवतावर उभे होते.

१४ नोव्हेंबर, सोमवार

विचार करून एकच उत्तर सापडतं. लेबल खोटं आहे. पाईत जे होतं ते त्यांनी छापलं नाही, आणि जे छापलं ते पाईत नव्हतं. वर्षानुवर्षं! आणि या दुकानासाठी आई टाचा दुखेपर्यंत उभी राहायची.

लेबलं तपासणाऱ्या राज्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तीन कच्चे खर्डे, मग पक्कं. चारही पाईंचे निकाल तारखांसह दिले. टपालात टाकलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

ओटिस काकांनी सलूनमध्ये सांगितलेलं दिसतंय. आज धान्यकोठारावर, जिथे मी ट्रकांचं वजन करतो, तिथे मक्याचा ट्रक काट्यावर घेऊन एक जण खिडकीतून ओरडला, "काय रे लायल! माझी बायको विचारते, दुकानासारखा पाव करून देशील का? घरच्या पावाला आम्ही कंटाळलोय!"

मागच्या दोन ट्रकांनी हॉर्न वाजवले. मी त्याला पावती दिली. वजन बरोबर लिहिलं. मी रागात असलो तरी वजन बरोबरच लिहितो.

जेवताना बाबांना सांगितलं की मी हरलो, आत्याला फोन करून बर्फ आणतो म्हणून सांगतो. बाबा बटाट्याकडे बघत म्हणाले, "पाव्हलिकला भेटून ये आधी."

"टॉल्मनचा बेकर? का?"

"भेटून ये. मी काही सांगितलेलं नाही."

सांगितलं नाहीच. तेच तर म्हणतोय मी.

१९ नोव्हेंबर, शनिवार

मिस्टर पाव्हलिक रेल्वेरुळांपलीकडे एकटे राहतात. हात थरथरतात, पण कॉफी स्वतःच ओतली, अर्धी बशीत. मी बसायच्या आत म्हणालो, "तुमचं लेबल खोटं आहे."

"लेबल?" ते म्हणाले. "टॉल्मनमध्ये एवढी एकच गोष्ट खरी होती. पाई शिकागोहून यायची, गोठवलेली, ट्रक भरून. मी नुसती गरम करायचो. तीस वर्षं लोकांनी मला बेकर म्हटलं. पावाच्या बाबतीत होतो मी बेकर. पाईच्या बाबतीत हमाल."

"मग माझी आई आणायची ती कुठली?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मर्ल काहीच बोलला नाही तुला?"

"नाही."

"म्हणजे शब्द पाळला म्हाताऱ्याने. बरं. बस."

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"लग्नानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला तुझी आई स्वतःच्या हातची पाई घेऊन गेली. नवी सून, आपलं काहीतरी न्यावं म्हणून. पण त्याच वर्षी उन्हाळ्याआधी तुझी आजी गेली होती, आणि आजीची पाई काय होती ते गावात कुणालाही विचार. व्हर्ना पहिल्यांदाच आईच्या जागी उभी राहिली होती. तीन दिवस खपून तिने पाई केली. लोकांनी काय करावं? नोरीनची चाटूनपुसून संपवली आणि आणखी आहे का विचारलं. व्हर्नाच्या पाईचा एकच तुकडा कापला गेला होता. ती न्हाणीघरात गेली, कडी लावली, आणि शेवटची गाडी निघेपर्यंत बाहेर आली नाही."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी तुझी आई आमच्याकडे गल्ल्यावर लागली होती. बुधवारी माझ्याकडे आली. म्हणाली, 'एड, मला एक खोका दे.' मी म्हटलं, 'पाई नको?' म्हणाली, 'पाई आहे माझ्याकडे. खोका नाही.'"

ते पुढे म्हणाले, "दुकानातल्या पाईवर कुणी जळत नाही रे. उलट हसायला मिळतं. व्हर्नाला हसायला मिळालं. तुझ्या आईने दर वर्षी एकदोन खोके नेले, आणि मी कधी विचारलं नाही."

मी कृती विचारली.

"मला काय माहीत? एकदा बोलली होती तेवढं सांगतो. डब्यातला भोपळा तसाच घालायचा नाही, आधी बिडाच्या तव्यात परतायचा, तळाला धरेपर्यंत. आटवलेलं दूध. एक चमचा काकवी. चिमूटभर मिरी. आणि मधला भाग थरथरत असतानाच बाहेर काढायची."

"थरथरत असताना म्हणजे किती मिनिटं?"

"मिनिटं नाहीत त्याला. थरथर."

"पण मग ती कच्ची राहणार!"

"ताटली गरम असते. ती शिजवते उरलेलं." त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं. "तुला लेबलं का आवडतात ते कळलं मला."

२० नोव्हेंबर, रविवार

दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आई म्हणायची, "मला घर आवरायचंय, दोघे पायात येऊ नका." बाबा मला बोलिंगला घेऊन जायचे. परत आलो की घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. नोव्हेंबरात! मला वाटायचं आईला स्वच्छतेची फार हौस. गल्ल्यावर दिवसभर उभं राहून घरी आलेली बाई, आणि थंडीत खिडक्या उघडून वास घालवते आहे. माझ्यापासून सुद्धा!

खोके. दुधाचे डबे. काळी कड. सगळं माझ्या समोर होतं. मी काट्यावरचा माणूस आहे, एक पोतं इकडचं तिकडे झालं तर ओळखतो.

आईचा राग आला आहे. हे लिहायला नको, पण आला आहे. आणि आत्याचा त्याच्या दसपट. सपाता म्हणे! बर्फ म्हणे! जिच्यासाठी आईने आपली पाई लपवली, तीच तिला वॉशिंग मशीनकडे बोट दाखवत राहिली.

ठरलं. खोका नेणार नाही. आईच्या काचेच्या ताटलीत पाई करणार, टेबलाच्या मधोमध ठेवणार आणि सगळ्यांसमोर सांगणार. काय सांगायचं ते अकरा ओळींत लिहून काढलं. तीनदा तपासलं.

कार्यालयाला दुसरं पत्र: लेबल खरं निघालं, तक्रार मागे घेत आहे, तसदीबद्दल क्षमस्व.

२३ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी तीनला बाबांनी कपाटातून बोलिंगची पिशवी काढली. मार्चपासून हात लावला नव्हता.

"कुठे?"

"बोलिंगला. तुला घर आवरायचं असेल."

मी म्हणालो, "तुम्हाला सगळं माहीत होतं."

"रिकामे डबे कचऱ्यात कोण टाकायचं असं वाटत होतं तुला?" असं म्हणून ते गेलेसुद्धा.

भोपळा बिडाच्या तव्यात परतला. तळाला धरायला लागला तेव्हा घरभर वास सुटला. हा वास मला ओळखीचा होता. दर वर्षी घरात शिरताना थंडीच्या आड कुठेतरी तो असायचा.

पारीच्या कडा बोटाने दुमडल्या. दालचिनी, सुंठ, जायफळ, मिरी. चाळीस मिनिटांनी पाहिलं, मधला भाग डुचमळत होता. पंचेचाळीस, तेच. पन्नासाव्या मिनिटाला कडा बसल्या होत्या आणि मधे हाताच्या तळव्याएवढा भाग थरथरत होता, मिस्टर पाव्हलिकांच्या हातांसारखा. बाहेर काढायचं म्हणजे कच्चं काढायचं. मी दोनदा दार बंद केलं. तिसऱ्यांदा काढली.

ताटली फिरवायची विसरलो होतो. डावीकडची मागची कड काळी झाली.

आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी नेलेल्या भांड्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहितात, भांडी बदलू नयेत म्हणून. पट्टी लावली. लिहिलं: नोरीन गार्बर.

खिडक्या उघडल्या नाहीत. बाबा परतले तेव्हा दारातच पिशवी हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आत्याकडे आम्ही चौदा जण होतो. मी आत गेलो तो तडक जेवणघरात, क्रॅनबेरीचं भांडं बाजूला सरकवलं आणि ताटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हे काय?" आत्या म्हणाली. हातात टर्कीवर रस ओतायचा डाव.

"आईची पाई."

"बर्फ कुठाय?"

"बर्फ नाही आणला." मी खिशातून कागद काढला. घाईत दुसरी ओळ आधी दिसली. "आत्या, ही टॉल्मनची नाही. आईने एकवीस वर्षं आणली त्यातली एकही टॉल्मनची नव्हती. ती सगळ्या स्वतः करायची, आणि तुला वाईट वाटू नये म्हणून—"

"हो ना," ओटिस काका म्हणाले. ते खुर्च्या मोजत होते. "टॉल्मनची मी एकदा खाल्ली होती, माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा कुणीतरी आणलेली. त्यापेक्षा खिडकीच्या काचेला लावायची पुट्टी बरी."

मी कागदावरून मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच," डीना म्हणाली, आत्याची मुलगी. "तुला नव्हतं माहीत? अरे, आम्ही त्या वॉशिंग मशीनपाशी रांग लावायचो. मी तर एकदा जेवणाआधीची प्रार्थना चुकवून गेले होते."

कुणीतरी हसलं. माझ्या कागदावर अजून नऊ ओळी होत्या.

आत्या हसली नाही. तिने डाव खाली ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि ताटली हळूहळू फिरवली, काळी कड स्वतःसमोर येईपर्यंत. तिच्यावर बोट ठेवलं.

"माझ्या आईचा ओव्हन," ती म्हणाली. "मी त्याच्यापुढे स्टुलावर उभी राहून शिकले. डावीकडे मागे जाळतो मेला. अख्ख्या गावात तसा दुसरा नाही. पहिल्या वर्षी खोका उघडला आणि मला कळलं."

"मग वॉशिंग मशीनवर का ठेवायला लावायचीस?" माझा आवाज फार चढला होता, मला ऐकू येत होता.

"टेबलावर ठेवली असती तर माझी कुणी खाल्ली असती?" आत्या म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून, "बसा आता. टर्की काय तुमची वाट बघत गरम राहणार आहे?"

बसलो. जेवलो. कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही. फुटबॉलवर बोलले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी अशी बाजूला केली, जशी मी क्रॅनबेरी केली होती.

पाई कापली ती आत्यानेच. तुकडे लहान पडले, कारण माणसं चौदा. नंतर मी बर्फ नाही म्हणून नळाचं पाणी आणायला गेलो, तर मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. आत्या वॉशिंग मशीनला कंबर टेकून माझ्याकडे पाठ करून उभी होती. हातात बशी. काळ्या कडेचा तुकडा तिने स्वतःला ठेवला होता. खांदे हलत होते. रडत होती की चावत होती, ते पाठीवरून सांगता येत नाही. दिसलं तेवढंच लिहितो.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "तिने आईचे एकदाही आभार मानले नाहीत."

"मानायची की," बाबा म्हणाले.

"कधी?"

"दर वर्षी. 'नोरीन, तुझा खोका तिकडे ठेव.' गाडीत बसली की तुझी आई हसायची. म्हणायची, यंदाही निभावलं दोघींनी."

मला हे पटत नाही. आभार मानायला एक शब्द आहे. तो लिहायला सोपा आहे आणि उच्चारायला त्याहून सोपा. तो असताना माणसांनी वॉशिंग मशीनचं नाव का घ्यावं?

बाबांना विचारलं, निदान मला तरी सांगायचं. ते म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू त्याच वर्षी उभं राहून वाचून दाखवलं असतंस."

अकरा ओळींचा कागद अजून खिशातच आहे.

२७ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर आत्या आली. गाडी चालूच ठेवली होती. पायरीवर उभी राहून तिने ताटली पुढे केली, वर स्वच्छ फडकं.

"भांडं रिकामं परत करू नये म्हणतात," ती म्हणाली.

मला वाटलं तिच्या उरलेल्या पाईचा तुकडा असेल. फडकं उचललं, तर टॉल्मनचा खोका. घडी केलेला, एका बाजूला तुपकट डाग. गेल्या वर्षीचा, आमच्याकडे परत न आलेला.

"पुढच्या वर्षी यातून आण."

"कशाला? आता सगळ्यांना माहीत आहे."

"आधीही होतं. यातून आण म्हटलं ना." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "आणि काकवी अर्धा चमचा जास्त. नोरीन जास्त घालायची. बर्फ मर्ल आणेल."

"आणि कागदी रुमाल?" मी विचारलं, पण तोवर तिने गाडीचं दार लावून घेतलं होतं.

काय बाई आहे! सांगत होतो ना मी बाबांना, हिला आभार मानता येत नाहीत. क्षमा मागणं तर दूरच. वर माझ्याच पाईतली चूक काढून गेली.

ताटली जागेवर ठेवताना उलटी करून पाहिली. घासून लख्ख धुतलेली, पण तळाची कागदी पट्टी तशीच होती, शाईसुद्धा पसरली नव्हती. ती न भिजवता धुवायची म्हणजे कडेकडेने, बोटाने धुवावी लागली असणार.

खोक्याचे दोन कोपरे मुडपले होते. शब्दकोशाखाली दाबून ठेवला आहे. वर्षभरात सरळ होतील.